भोपळ्याला भिवंडीचं सूत

भिवंडीत सूत घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, “किती किलो?” मला हवं होतं सात हात.

“सात हात?” सूतवाल्या शेटनी चष्मा कपाळावर चढवला. “क्या बांधना है, मॅडम?”

“पाव.”

दुकान दोन सेकंद गप्प झालं. भिवंडीत हे तसं दुर्मीळच. मग शेटनी काही न बोलता दोन कोनांवरचे दोन धागे तोडले, काडी ओढली आणि एकेक करून पेटवले. पहिला कागदासारखा भुरकन जळला. वासही जळक्या कागदाचा, आणि चिमटीत उरली मऊ करडी राख. दुसरा जळण्याआधीच आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरून बसला. “ये वाला डालोगे तो पाव के साथ प्लास्टिक खाओगे,” ते म्हणाले. पहिला कॉटन, दुसरा पॉलिस्टर. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ही काडीपरीक्षा पाढ्यासारखी पाठ असते. माझ्याकडच्या बेकिंगच्या पुस्तकात मात्र ‘सुती दोरा घ्या’ एवढंच छापलंय. तो सुती आहे हे ओळखायचं कसं, ते लिहिणारा बहुधा कधी कल्याण नाक्यावर आलेला नाही.

सात हातांचे पैसे घ्यायला शेटनी साफ नकार दिला. पाव झाला की फोटो पाठवा, म्हणाले.

दोरा कशाला?

युरोप-अमेरिकेत शरद ऋतू आला की घरोघरचे हौशी बेकर भोपळ्याच्या आकाराचा सावरडो भाजतात. कणकेच्या गोळ्याभोवती तेलात बुडवलेला सुती दोरा आडवा-उभा बांधायचा. भाजताना पाव फुगतो, दोरा फुगू देत नाही, आणि या भांडणातून आठ फुगीर पाकळ्या तयार होतात. दोरा कापून काढला, वर देठ म्हणून दालचिनीचा तुकडा खोचला की झाला भोपळा. पिठातही भोपळ्याचा गर असतोच.

आपला शरद म्हणजे आश्विन, ऑक्टोबरचा घाम, घट, झेंडू आणि मंडईत फोडी करून मांडलेला लाल भोपळा. घारगे करायचे तर करतोच. यंदा म्हटलं, दसऱ्याला त्याचा पाव करू. (आई म्हणाली, “दसऱ्याला पाव? श्रीखंडाबरोबर?” तो वाद अजून चालू आहे.)

गंमत म्हणजे म्हातारीला लेकीकडून परत आणणारा हा आपला भोपळा मुळात परदेशी. भोपळ्याच्या या कुळाची लागवड मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. गव्हाची शेती पश्चिम आशियात सुरू झाली तीही साधारण त्याच सुमारास. दोघांची गाठ पडायला मात्र अटलांटिक ओलांडणारी जहाजं लागली. म्हणजे घारगासुद्धा, नीट पाहिलं तर, फ्यूजन फूडच.

पाव आणि कंपनी: सख्खी भावंडं

‘पाव’ शब्दाचे दोन घरगुती खुलासे तुम्ही ऐकले असतील. एक, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. दुसरा, लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव. दोन्ही चुकीचे. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा ‘पांव’ लॅटिनच्या ‘पानिस’वरून, म्हणजे भाकरी किंवा पाव. बटाटाही त्यांचाच शब्द. त्यामुळे ‘बटाटावडा-पाव’ म्हणताना आपण दोन तृतीयांश पोर्तुगीज बोलत असतो.

आता याच ‘पानिस’चा दुसरा नातेवाईक पाहा. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सोबत. ज्याच्यासोबत भाकरी मोडायची तो ‘कोंपानिओ’. त्यावरूनच पुढे ‘कंपनी’ आली. भिवंडीत गोदामात कामाला जाणारी पोरं सकाळी डबा घेऊन निघतात तेव्हा “कंपनीत चाललो” म्हणतात. शब्दाच्या मुळाशी जाऊन बोलायचं तर, ती एकत्र पाव खायलाच चाललेली असतात. दुपारी खरोखर तेच होतं म्हणा.

इंग्रजीत तर मानमरातबही पिठातून निघाले. ‘लॉर्ड’ या शब्दाचं जुनं रूप ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाचं, आणि ‘लेडी’ म्हणजे ‘पीठ मळणारी’. आमच्या इमारतीत त्या हिशेबाने बत्तीस लेड्या राहतात.

बरणीतलं बाळ

सावरडो म्हणजे आंबवणाचा पाव. विकतचं यीस्ट नाही. पीठ आणि पाणी समसमान कालवून बरणीत ठेवायचं, रोज थोडं काढून टाकायचं, तेवढंच ताजं पीठ-पाणी घालायचं. आठ-दहा दिवसांत पिठातलं रानटी यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू जम बसवतात. इंग्रजीत याला स्टार्टर म्हणतात. मराठीत विरजण म्हटलं तर काम भागतं. आमच्या शेजारच्या चाची त्याला खमीर म्हणतात, आणि त्यांचा शब्द सगळ्यांत नेमका आहे. खमिरी रोटी खाणाऱ्या घराला सावरडो समजावून सांगायला गेलेली मी, पाच मिनिटांत त्यांच्याकडूनच शिकून परत आले.

नवख्यांची हमखास फसगत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बरणी एकदम उसळते. आपण आनंदाने फोटो काढतो. मग चौथ्या दिवशी सगळं थंडगार, वर पाणी सुटलेलं, वास ओल्या मोज्यांचा. निम्मे लोक इथेच बरणी सिंकमध्ये ओततात. वास्तविक आधी उसळलेलं ते यीस्ट नव्हतंच. तो बहुतेक वेळा ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूंचा धिंगाणा असतो. ते वायू सोडतात, पीठ आंबट करतात आणि मग आपणच केलेल्या आंबटपणात स्वतः गारद होतात. त्यांनी मैदान रिकामं केलं की यीस्ट सावकाश उठून बसतं. तेव्हा चौथ्या दिवशी करायचं एकच: गप्प राहून खाऊ घालत राहायचं.

हा ल्युकोनोस्टॉक आपला जुना ओळखीचा आहे. इडलीचं पीठ रात्रीतून फुगवतो तो मुख्यतः हाच. म्हणजे परदेशी पुस्तकं ज्याला ‘खोटी सुरुवात’ म्हणतात, ती आपल्याकडे रविवारची न्याहारी. हाच गडी तोडून ठेवलेल्या उसात शिरला तर रसाचा बुळबुळीत चिकट लगदा करतो आणि साखर कारखान्याच्या उताऱ्याला कात्री लावतो. भिवंडीतल्या बरणीत बाळ, पश्चिम महाराष्ट्रात दरोडेखोर.

दुसरी फसगत घरातल्या वडीलधाऱ्यांची. “रोज अर्धं पीठ काढून टाकायचं” हे वाक्य मी आईसमोर वाचलं आणि तिने माझ्याकडे जे पाहिलं ते पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे एक थेंबही टाकला गेला नाही. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, चमचाभर तांदळाची पिठी, की धिरडी तयार. जगभर ‘डिस्कार्डचं काय करावं’ यावर पुस्तकं निघतात. एक मराठी आई पुरे होती.

बेल्जियममधल्या सेंट विथ गावात तर अशा बरण्यांचं ग्रंथालय आहे. प्युराटोस या कंपनीने ते २०१३ साली सुरू केलं. देशोदेशीची शंभराहून जास्त आंबवणं तिथे काचेच्या दारांमागे थंडीत बसलेली असतात आणि ठरावीक काळाने ज्याच्या-त्याच्या पिठाचा खुराक घेतात. आपल्याकडे विरजणासाठी वाटी घेऊन शेजारी जातात. ग्रंथालय तेच, फक्त सभासद फी नाही.

आणि ‘आमच्या गावच्या हवेतच पावाची चव आहे’ असं सांगणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या पावात सापडला म्हणून एका जिवाणूचं नाव १९७१ मध्ये त्या शहरावरून ठेवलं गेलं. पुढे तो इतक्या देशांच्या आंबवणांत निघाला की शहराला त्याच्यावर हक्क सांगता येईना. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार खंडांतली पाचशे आंबवणं तपासली. कोणतं आंबवण कुठल्या गावचं आहे याचा आतल्या जीवांशी फारसा संबंध लागला नाही. म्हणजे भिवंडीची बरणी पॅरिसच्या बरणीपेक्षा कमअस्सल नाही. धुळीचा आळ तर मुळीच नको.

पाकिटातलं यीस्ट कालचं पोर

अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी दाबलेल्या यीस्टचा धंदा सुरू केला तो १८६८ मध्ये. त्याआधीचा जवळजवळ सगळा फुगलेला पाव एक तर आंबवणाचा, नाही तर दारूच्या फेसाचा. प्राचीन गॉल लोक बिअरच्या फेसाने हलका पाव करतात, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय.

गोव्यात पोर्तुगीजांना गव्हाचा पाव हवा होता, यीस्ट मिळेना, तेव्हा पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, माडाची सूर पिठात ओतली आणि काम फत्ते. आपल्या बाजूला वसईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या लग्नाच्या फुग्याही पूर्वी ताडीवरच फुगायच्या. ठाणे-पालघरात ताडाला तोटा नाही. ताडी झाडावरून उतरवतानाच आंबायला लागलेली असते, कारण मडक्यात यीस्ट तुमच्या आधी पोहोचलेलं असतं.

वसईवरून आठवलं. ‘विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं’ ही सांगोवांगी कथा उत्तर कोकणात कोणी ऐकली नसेल असं नाही. त्याच वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९ ला किल्ला पडल्यावर तो फेडला, ते वज्रेश्वरीचं देऊळ आपल्या भिवंडी तालुक्यात. देवळाला जाताना रस्त्यावर आज सगळ्यात जास्त काय विकलं जातं? वडापाव. इतिहासाची पचनशक्ती दांडगी असते.

पिठाची गिरणी, कापडाची गिरणी

मराठीत दोन्हींना गिरणीच म्हणतात, आणि मला आधी वाटायचं हा भाषेचा आळस. तसं नाही. सूत आणि पीठ यांचं नातं भिवंडीकराला नव्याने सांगायला नको, फक्त त्याने त्याकडे कधी पाव म्हणून पाहिलेलं नसतं.

लूमवर ताण्याचे हजारो धागे एकमेकांना घासत वर-खाली होतात. नुसतं सूत हा मार सोसत नाही, पटापट तुटतं. म्हणून विणण्याआधी त्याला खळ देतात, म्हणजे स्टार्चचा पातळ लेप. आज ती मक्याची असते, टॅपिओकाची असते, त्यात रसायनंही असतात. सायझिंगच्या कारखान्याजवळून गेलात तर तो गरम, पेजेसारखा वास ओळखता येतो. भूक लागलेली असेल तर थोडा त्रासच होतो.

आता खरी मजा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये ही खळ बरेचदा गव्हाच्या पिठाची असे. आणि ते पीठ थेट शिजवत नसत. पाण्यात कालवून मोठाल्या पिंपांत कित्येक दिवस आंबू देत. आंबलं की त्यातलं ग्लूटेन सैल पडायचं, खळ गुळगुळीत व्हायची, धाग्यावर सारखी बसायची. म्हणजे मँचेस्टरच्या कापडाच्या पोटात सावरडो होता! आणि भिवंडीला लोक भारताचं मँचेस्टर म्हणतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरणीला यापेक्षा मोठं वंशवृक्षाचं प्रमाणपत्र कुठून मिळणार?

गोष्ट इथे संपत नाही. कापड विणून झालं की ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग नीट चढत नाही. काढायची सर्वांत जुनी युक्ती काय? कापड ओलं करून कोमट जागी रात्रभर तसंच ठेवायचं. सूक्ष्मजीव येतात, स्टार्च खातात, सकाळी धुऊन टाकायचं. पुढे हे काम माल्टमधल्या विकरांकडे आलं, जे स्टार्च तोडून साखर करतात. हीच विकरं कणकेत असतात. तीच यीस्टला साखर पुरवतात, आणि पावाच्या सालीला तांबूस रंग येतो तो त्यातल्या उरलेल्या साखरेमुळे. एकाच कुटुंबातली मंडळी इकडे कापड स्वच्छ करतात, तिकडे पाव खरपूस.

कणकेचं अंग समजायलाही लूमच बरा. ग्लूटेन हे दोन प्रथिनांचं जाळं. एक ताण धरतं आणि सोडलं की मागे खेचतं, दुसरं लांब होऊ देतं. ताणा-बाणाच की. मळलेल्या कणकेचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरायचा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ होऊनही फाटला नाही, तर विण चांगली. माझ्या पहिल्या कणकेची लगेच चाळण झाली. खाली राहणारे एक काका आयुष्यभर लूमवर जॉबर होते. त्यांनी ती लांबूनच पाहून निकाल दिला, “वहिनी, धागा तुटतोय. अजून ओल पाहिजे.” त्यांचं खरं निघालं. सुती विणकामालाही दमट हवा लागते, कोरड्यात सूत तुटतं. म्हणूनच लँकेशायरची ओल आणि मुंबई परिसराचा घाम कापडाला मानवले.

पिठाच्या कागाळ्या

परदेशी कृतीत ‘स्ट्राँग ब्रेड फ्लोर’ लिहिलेलं असतं. आपला किराणावाल्याचा मैदा त्यामानाने प्रथिनांत लेचापेचा, त्यामुळे कृतीतलं सगळं पाणी ओतलं की पाव न होता पोळं होतं. चक्कीचा आटा उलट तहानलेला. दगडाच्या जात्यात गहू दाबून, तापून दळला जातो, स्टार्चचे कण मोडतात आणि मोडके कण जास्त पाणी पितात. पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. पावाला तो गुण थोडा पुरे.

म्हणून माझं शेवटचं गणित असं: मैदा ४०० ग्रॅम, लोकवन गव्हाची कणीक १००, आंबवण १००, शिजवून घोटलेला भोपळा १५०, पाणी २००, मीठ १०. भोपळा बहुतांशी पाणीच असतो, हे पाणी घालण्याआधी आठवावं, नंतर नाही. बेकर लोक पिठाला शंभर धरून बाकी सगळं टक्क्यांत बोलतात. मीठ दोन टक्के, आंबवण वीस टक्के. व्याजाचा हिशेब येणाऱ्याला हे जमतंच.

खपली मिळाली तर शंभरातली निम्मी खपली घालून पाहा. सांगली-साताऱ्याकडचा हा जाडसर, लालसर गहू आजकाल महाग आणि मानाचा झालाय. प्राचीन इजिप्तमध्ये पावासाठी मुख्यतः जो गहू वापरत तो याच जातकुळीचा. २०१९ मध्ये एका अमेरिकन हौशी बेकरने जुन्या इजिप्शियन मातीच्या भांड्यांतून यीस्ट मिळवून त्याचा पाव भाजला होता. तो मनुष्य एरवी एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा जनक म्हणून ओळखला जातो. माणसाला रिकामा वेळ मिळाला की तो शेवटी पिठाकडेच येतो. त्याहून जुना पुरावा हवा तर जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पावाचे जळके कण सापडलेत. शेती सुरू व्हायच्या आधीचे! म्हणजे आधी भाकरीची चटक लागली आणि मग कोणीतरी नांगर धरला, असं म्हणायला जागा आहे.

ऑक्टोबरला पुस्तक वाचता येत नाही

पुस्तक म्हणतं, कणीक आठ ते बारा तास ठेवा. ते पुस्तक बावीस अंशांत बसून लिहिलंय. आपल्याकडे पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई परिसरातून माघार घेतो आणि लगेच पारा चौतीस-पस्तिसाला जाऊन बसतो. या उकाड्यात आंबवणाचा वेग दुप्पट-तिप्पट. पहिल्या वेळी मी पुस्तकाचं ऐकून रात्री कणीक ओट्यावर ठेवली आणि झोपले. सकाळी ती पातेल्यातून निघून गॅसच्या शेगडीखाली स्थायिक झाली होती. मुंग्यांनी तोवर दसरा उरकला होता.

आता चार तास ओट्यावर, दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजूंनी ताणून घडी, मग फ्रिजमध्ये रात्रभर मुक्काम. घड्याळ बघू नका, पातेल्याच्या बाहेर रबरबँड लावून उंची बघा.

सणाच्या पदार्थाला इतके दिवस आधी लागायचं, हे काही आपल्याला नवं नाही. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग गूळ घालून पीठ डब्यात मुरवायचं. तेही आंबवणच. तुपात पसरून विरघळला की ‘अनारसा हसला’ म्हणायची आपली रीत. पाव बसला तर इंग्रजीत फक्त सपाट म्हणतात. आपण निदान हसवतो तरी. आणि दसऱ्याची जिलबी? हलवाई आदल्या दिवशी जे पीठ भिजवून ठेवतो, त्यातही यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणूच राबतात. चाचींकडची सांदणं, आपली आंबोळी, सगळी एकाच बरणीतली भावंडं.

बिडाची कढई, तीन दिवसांचा प्रवास

घरच्या ओटीजीत वाफ टिकत नाही, आणि पहिली वीस मिनिटं वाफ नसेल तर साल लवकर कडक होऊन पाव आतल्या आत घुसमटतो. उपाय म्हणजे झाकणाचं जाड बिडाचं भांडं. पावातलीच वाफ आत कोंडली जाते. मी झाकणवाली कढई ऑनलाइन मागवली. ॲपने कळवलं, ‘तुमचं पार्सल भिवंडीहून निघालं आहे.’ मी दार उघडून उभी! पार्सल मग ठाण्याला गेलं, तिथून आणखी कुठे गेलं, आणि तिसऱ्या दिवशी ‘भिवंडीत पोहोचलं’ असा निरोप आला. गोदाम माझ्या गॅलरीतून दिसतं.

ही गोदामं इथेच का आली याचं एक मोठं कारण जकात. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर, पण मुंबईला खेटून माल ठेवायचा तर भिवंडी तालुका सोयीचा. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. तुमच्या घरातला मिक्सर, चार्जर, मांजराचं खाणं, यातलं काहीतरी माणकोली-पूर्णा-राहनाळच्या पट्ट्यात एक रात्र झोपून आलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आणि हो, कढई घेण्याआधी ओव्हनचं दार मोजा. कानांसकट. अधिक सांगत नाही.

मांजरपाट, पिठी, पातं

फ्रान्समधले बेकर आकार दिलेली कणीक जाड लिननच्या कापडात ठेवतात, कापड ओल शोषतं आणि वरची साल जरा सुकते. त्या कापडाला चांगलं फ्रेंच नाव आणि त्याहून चांगली किंमत असते. मी मांजरपाट घेतला. कोरा, आधी दोनदा उकळून धुतलेला, कारण खळ! (वरचा सगळा पाढा एव्हाना मला पाठ झाला होता.) त्यावर भुरभुरायला मैदा नको, तो ओला होऊन चिकटतो. तांदळाची पिठी हवी. ती कोरडी राहते आणि भाजल्यावरही पांढरीशुभ्र दिसते. वाडा रस्त्याने आलेल्या कोलमची पिठी होती घरात. भाताच्या त्या जातीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मी मानांकन पावाखाली शिंपडलं.

कणकेवर चिरे द्यायला बेकर दाढीचं पातं काडीला अडकवून वापरतात. खंडेनवमीला घरातली कात्री, सुरी, मिक्सर यांच्या ओळीत मी ते पातंही मांडलं. त्या दिवसांत भिवंडीत फिरावं. यंत्रं धुतलेली, झेंडूच्या माळा लूमच्या लोखंडावर, आणि पद्मानगरात तेलुगू बायकांनी रचलेल्या फुलांच्या बतुकम्मा. एरवी तेलाने माखलेलं शहर थोड्या दिवसांपुरतं हळदीचं होतं.

नक्षी कसली द्यायची हा प्रश्नच नव्हता. आपट्याचं पान. दोन गोल पाकळ्या, मधे खाच, लहान मूलही काढेल. खरं पानच कणकेवर ठेवलं, वरून पिठी चाळली, पान उचललं. रांगोळीच्या छाप्यासारखी आकृती उमटली, तिच्या कडेने पातं फिरवलं. आपट्याच्या सालीचा चिवट धागा निघतो, दोर वळतात, आणि पानं विड्या वळायलाही वापरतात. सोनं म्हणून वाटून झालं की झाडाला बाकीचे उद्योग असतातच.

मग चार दोरे, तेलात बुडवून, मधोमध फुली मारून बांधले. फार आवळायचे नाहीत. मी आवळले. एका बाजूची पाकळी दुसरीवर चढली आणि भोपळ्याला पोक आलं.

भाजणं आणि नंतरचं

कढई ओव्हनमध्ये आधी चाळीस मिनिटं तापवली. २३० अंशांवर झाकण लावून पंचवीस मिनिटं, मग झाकण काढून, आच जरा उतरवून, आणखी वीस. आतला गर सत्त्याण्णव अंशांच्या आसपास पोहोचला की पाव झाला. थर्मामीटर नसेल तर तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. आमच्या काकांनी टिचकी मारून सांगितलं, “बीम रिकामा आहे.” मी होकार समजले.

ताजा पाव लगेच कापू नये, हे सगळे सांगतात आणि कोणी पाळत नाही. आतला स्टार्च निवताना घट्ट होत असतो, गरम कापलात तर चिकट लगदा सुरीला. शिवाय या वेळात पाव बोलतो. साल निवताना आक्रसते, तिला बारीक तडे जातात आणि कागद चुरगळल्यासारखा बारीक तडतडाट येतो. परदेशी बेकर म्हणतात, पाव गातोय.

मी कान लावला. मागच्या गल्लीतले लूम खडखड-खडखड, खालून टेम्पोचा रिव्हर्सचा भोंगा, समोरच्या मंडपात माईक टेस्टिंग. भोपळा गात असेल तर स्वतःपुरताच.

तेवढ्यात लाईट गेली. लूम एकेक करत थांबले, शेवटचा धोटा कुठेतरी आपटून गप्प झाला. अंधारात ओट्यावरून आवाज आला. तड. तड-तड. तड. आई, मी आणि बॅटरी घेऊन दाराशी आलेल्या चाची, तिघी तशाच उभ्या राहिलो.

“अरे, ये तो बोल रहा है,” चाची म्हणाल्या.

आई म्हणाली, “चहा टाकते. पण श्रीखंड लावून खाणार असाल तर मी नाही.”